तेरावा आठवडा

"उजव्या हातानं काढ गं," असं म्हणत सोनाक्काने खिचडीचं घासून लख्ख केलेलं पातेलं लेकीच्या पुढ्यात धरलं.

पातेल्यात गेलेला डावा हात रेणुकाने पटकन बाहेर घेतला, जीभ चावली आणि उजव्या हाताने एक चिठ्ठी उचलली. चिठ्ठी उघडली मात्र, तिचं तोंड एवढंसं झालं.

"काय आलं?" मी विचारलं.

"ब."

"अगं, मग असं तोंड काय करतेस? नवी पद्धत तुमच्याच गटाला मिळणार."

"मला अ मध्ये घाला की मॅडम. अ च्या पोरींना तुम्ही शिकवणार. मला तुमच्याकडनंच शिकायचंय."

"चिठ्ठी ती चिठ्ठी. पुढची कोण आहे? चला, वेळ नाही."

दोन हजार चार सालचा नोव्हेंबर होता. कोल्हापूरपासून एसटीने दीड तासावर आमचं तालुक्याचं गाव, तिथली मुलींची शाळा, आणि मी त्या शाळेची पी.टी.ची शिक्षिका, चौगुले मॅडम. आठवी-नववीच्या साठ मुली बास्केटबॉलच्या कोर्टवर रांगेत बसल्या होत्या. साठ चिठ्ठ्या नीट हलवता येतील एवढं भांडं शाळेत फक्त खिचडीच्या शेडमध्ये होतं, म्हणून सोनाक्का ते घेऊन आली होती. ती पोरींची खिचडी शिजवायची. नवरा वारल्यापासून मायलेकींचं त्या शेडवरच चाललं होतं.

चिठ्ठ्या काढण्याआधी मी मुलींना एकच प्रश्न विचारला होता. "तुमच्यात डावखुऱ्या कोण आहेत? हात वर करा. त्यांना या प्रयोगात घेता येणार नाही." एकही हात वर आला नव्हता. आणि दहाच मिनिटांनी रेणुकाचा डावा हात पातेल्यात जाताना मी पाहिला. पाहिला नाही असं म्हणेन, तर ते खोटं ठरेल. पोरगी लिहायची उजव्या हाताने, मग असेल सवय, असं मी स्वतःला सांगितलं आणि यादीत तिच्या नावापुढे 'ब, क्रमांक सतरा' असं लिहून टाकलं.

पी.टी.च्या शिक्षकाला शाळेत काय किंमत असते, हे त्या नोकरीत गेल्याशिवाय कळत नाही. गणिताच्या बाई रजेवर गेल्या की त्यांच्या वर्गावर मी. सव्वीस जानेवारीला मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या मी. प्रार्थनेला कुणी उशिरा आलं की बोलणी खायची मी. शिक्षकांच्या खोलीत मला माझ्यामागे 'शिट्टी' म्हणायचे. "शिट्टी आली का आज?" तेरा वर्षं हे ऐकून घेतल्यावर मी इरेला पेटले आणि पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता, बास्केटबॉलची कौशल्यं शिकवण्यात स्वयंअध्ययन पद्धतीचा उपयोग. एकदा नावामागे डॉक्टर लागलं की कोण मला शिट्टी म्हणतो तेच बघते, एवढीच त्यामागची प्रेरणा. विद्येचं प्रेम वगैरे मी नंतर मुलाखतीत सांगितलं.

प्रयोग सरळ होता. अ गटाला मी नेहमीसारखं शिकवायचं. करून दाखवायचं, चुकलं की ओरडायचं, हात धरून सुधारायचं. ब गटाला मात्र एक अक्षर बोलायचं नाही. त्यांना रोज एक कार्ड मिळणार. कार्डावर चित्र, खाली पाच ओळी, प्रत्येक ओळीपुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. आपण करायचं, आपणच तपासायचं, आपणच खूण करायची. सगळ्यात खाली एक मोकळी ओळ, 'माझी शंका'. तास संपला की कार्ड पत्र्याच्या पेटीत टाकायचं. पेटीला कुलूप. ती उघडायची बारा आठवड्यांनी.

या कुलपाचं मला जरा विचित्रच वाटलं होतं. माझे मार्गदर्शक डॉक्टर हेर्लेकर यांना मी विचारलंही.

"सर, शंका लिहायला सांगायची आणि आपण वाचायचीच नाही?"

"चौगुले मॅडम, शंका लिहिता लिहिता उत्तर तिचं तिलाच सापडतं. हाच तर आपला विषय आहे. तुम्ही रोज वाचायला लागलात तर तुमच्याच्याने गप्प बसवणार नाही. आणि तुम्ही तोंड उघडलंत की ब गटाचा अ गट झाला. सगळी मेहनत पाण्यात."

मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं, त्यामुळे वेळ लागला नाही. पेटीची किल्ली मी शिट्टीच्या दोरीला अडकवली. बारा आठवडे ती माझ्या गळ्यातच होती.

चिठ्ठ्यांच्या दिवशी शाळा सुटल्यावर रेणुका क्रीडासाहित्याच्या खोलीत आली. दारातच उभी राहिली.

"मॅडम, फेब्रुवारीत पुण्याच्या वसतिगृहाची चाचणी हाय ना, खेळाडू पोरींची? मी जाणार हाय."

"जा की. कोण नको म्हणतंय?"

"तिथं लेअप बघत्यात म्हणं. मला लेअप येत न्हाई. आणि ब गटात मला कोण शिकवणार?"

"तू स्वतः."

खाली बघत तिने पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. मग एका दमात म्हणाली, "तिथं नंबर लागला तर बारावीपर्यंत राहायचं, शिकायचं सगळं तिकडंच. न्हाई लागला तर मामा निपाणीला नेणार हाय मला. त्याच्या पोरासाठी. आई न्हाई म्हणती, पर किती दिवस म्हणंल?"

आमच्याकडे मामाच्या पोराशी लग्न लावायची रीत आहे, आणि दहावी झालेल्या पोरीला त्या रीतीतून सोडवायला काहीतरी भक्कम कारण लागतं. वसतिगृह हे तसं कारण होतं. चौदा वर्षांच्या पोरीने स्वतःचं स्वतः ते शोधून काढलं होतं. पण चिठ्ठी बदलली तर प्रयोग खोटा ठरणार होता.

"हे बघ," मी म्हटलं, "प्रयोग बारा आठवड्यांचा आहे. तो संपल्यावर आठ दिवसांनी तुझी चाचणी. मधला तेरावा आठवडा सगळा तुझा. रोज दोन तास मी तुला एकटीला शिकवीन. लेअप पक्का करून घेईन."

"शपथ?"

"शपथ."

"मग बारा आठवडे मी कसंपण काढतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. ती उड्या मारत गेली. दुसऱ्या दिवशी सोनाक्काने सांगितलं, की पोरीने भिंतीवरच्या कॅलेंडरात फेब्रुवारीतल्या त्या आठवड्याला कुंकवाचं बोट लावून ठेवलंय.

पद्धत लागू पडत होती, हे कबूल केलं पाहिजे. भिंतीवर खडूने काढलेल्या गोलावर पास मारून मारून ब गटाच्या मुलींचे हात सरळ झाले. डोळ्याला ओढणी बांधून त्या ड्रिबल करायला शिकल्या. अ गटाच्या मुली माझ्याकडे बघत खेळायच्या, ब गटाच्या चेंडूकडे बघत. मी खुशीत होते. पाचव्या आठवड्यात लेअप आला, म्हणजे पळत येत दोन पावलांत उडी मारून बास्केट करणं.

लेअपसाठी मी कोर्टवर ऑइलपेंटने पावलं रंगवली होती. लाल पाऊल उजवं, पांढरं पाऊल डावं. उजवं टाकायचं, डावं टाकायचं, डाव्यावरून उडी मारायची आणि उजव्या हाताने चेंडू बोर्डवर ठेवायचा. कार्डावरही तेच चित्र. चार रविवार खर्चून मी ती कार्डं काढली होती. सगळी उजव्या हाताच्या मुलींसाठी. डाव्या हाताने टाकायचं तर पावलं उलटी करावी लागतात, आधी डावं, मग उजवं. एवढं एक वाक्य कार्डावर कुठेच नव्हतं, कारण डावखुरी मुलगी प्रयोगात नाहीच असं आमचं ठरलं होतं.

रेणुकाने पहिले दोन दिवस उजव्या हाताने फेकून बघितलं. चेंडू बोर्डपर्यंतसुद्धा जाईना. तिसऱ्या दिवशी ती पावलांवर पाय ठेवत आली, लाल, पांढरं, उडी, आणि चेंडू तिने डाव्या हाताने टाकला. हवेत तिचं अंग धुणं पिळावं तसं पिळलं गेलं आणि ती डाव्या पायावर वाकडी उतरली. चेंडू रिंगमध्ये गेला. तिने टाळी वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडात शिट्टी होती. मी ती दातांत धरून ठेवली.

दुपारी मी ऑफिसातल्या फोनवरून हेर्लेकर सरांना गाठलं. "सर, सतरा क्रमांकाची मुलगी डावखुरी निघाली."

"आता? पाचव्या आठवड्यात?" ते चिडले. "वगळलीत तर गट एकोणतीसचा होतो. गट सारखे राहत नाहीत. पुन्हा सुरुवातीपासून करणार आहात का, पुढच्या वर्षी?"

"पण तिची पावलं चुकतायत. नुसतं एका वाक्यात सांगितलं तर..."

"मॅडम, तिचं तिला सापडेल. नाही सापडलं तर तोही निष्कर्षच आहे."

पुढच्या वर्षी. आणखी एक वर्ष शिट्टी म्हणवून घ्यायचं. मी फोन ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. तिने हात वर केला नव्हता, मीही आता करत नव्हते. दोघींनी मिळून एकच गोष्ट लपवली होती. फक्त ती चौदा वर्षांची होती आणि मी अडतीसची.

ब गटाचे दिवस मंगळ, गुरू, शनि; अ गटाचे सोम, बुध, शुक्र. त्या दिवशी रेणुका आईच्या शेडमध्ये तांदूळ निवडत बसायची आणि कोर्टकडे डोळे लावायची. मी अ गटाच्या मुलींना लेअप शिकवत असायचे. "वैशाली, गुडघा वर! मेघा, तो पाय नाही, दुसरा!" माझा आवाज शेडपर्यंत जायचा. ब गटाने अ गटाचं बघायचं नाही, असा नियम होता. मी सोनाक्काला म्हटलं, "तिला भिंतीकडे तोंड करून बसवा." सोनाक्काने मान डोलावली. त्या दिवसापासून पोरगी कोर्टकडे पाठ करून तांदूळ निवडू लागली. पण मी 'तो पाय नाही' असं ओरडले, की तिची बोटं थांबायची. हे मला दिसायचं.

आठव्या आठवड्यात सोनाक्काने मला खिचडी वाढता वाढता थांबवलं.

"मॅडम, एक बोलू का?"

"बोला की."

"पोरीचा गुडघा सुजतोय. सकाळी उठताना भिंत धरून उठती."

"मलम लावा, शेक द्या. सुरुवातीला असं होतंच."

"सगळं केलं. पर ती म्हणती, मॅडमनी एकदा बघून बरोबर हाय का चूक एवढं सांगितलं तर बास. तुम्ही बोलतच न्हाई म्हणं तिच्याशी."

"सोनाक्का, ते ठरलेलं असतं. आता बघा, खिचडी शिजताना कुणी सारखं झाकण काढून बघितलं तर शिजेल का ती?"

मला माझ्या उत्तराचं फार कौतुक वाटलं. सोनाक्काने वाढायचा डाव पातेल्यात ठेवला.

"करपल्याचा वास आला तर काढावंच लागतंय की मॅडम," ती म्हणाली.

मला राग आला. खिचडी करणारी बाई मला शिकवणार! "चार आठवडे राहिलेत," मी म्हटलं. "तीनपेक्षा जास्त खाडे झाले तर तिला गटातून काढावं लागेल, आणि मग तेरावा आठवडाही नाही. सांगा तिला." शेवटचं वाक्य मी उगाचच जोडलं. तसा काही नियम नव्हता. पण रेणुकाचा पुढे एकही खाडा झाला नाही.

अकराव्या आठवड्यात तिने मला एकदा अडवलंच. तास संपून मुली गेल्या होत्या. गुडघ्याला क्रेप बँडेज होतं. ती पांढऱ्या पावलावर उभी होती.

"मॅडम, बोलू नका तुम्ही. नुसती मान हलवा. माझं बरोबर हाय का?"

मी पेटी उचलत होते.

"हो का न्हाई, एवढंच. मला कळंना झालंय. चेंडू तर आत जातोय, पर पाय दुखतोय."

"कार्डावर लिही," मी म्हटलं.

"लिहितो की रोज."

"मग झालं तर."

मी वळले. शिट्टीच्या दोरीवर किल्ली वाजत होती. मागे तिने पुन्हा चेंडू आपटायला सुरुवात केली.

शेवटची परीक्षा शनिवारी सकाळी होती; ब गटाच्या मुलींनी थोडा सराव करून शेवटचं कार्ड आधीच पेटीत टाकलं होतं. हेर्लेकर सर कोल्हापूरहून आले. त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांच्या खोलीतली गादीची खुर्ची कोर्टवर आणून ठेवली होती. अर्ध्या मिनिटात किती लेअप पडतात, ते मोजायचं होतं. सरांच्या हातात स्टॉपवॉच, माझ्या हातात वही. ब गटात सगळ्यात जास्त सहा झाले होते.

सतरावा क्रमांक पुकारल्यावर रेणुका पुढे आली. बँडेज तिने काढून दप्तरात लपवलं होतं. सरांना दिसलं तर ते आपल्याला खेळू देणार नाहीत, अशी तिला भीती. गुडघा दुसऱ्या गुडघ्याच्या दीडपट दिसत होता. माझ्या शेजारून जाताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, आज संपलं ना? सोमवारपासनं तुम्ही बोलणार?"

"सोमवारपासून," मी पुटपुटले.

ती हसली. सरांनी बोट वर केलं.

लाल, पांढरं, उडी. एक. लाल, पांढरं, उडी. दोन. अशी ती मी कधीच पाहिली नव्हती. चेंडू उचलायची, वळायची, पुन्हा यायची. बाजूला बसलेल्या मुली मोठ्याने मोजू लागल्या. सहा झाले. सात. आठ. मी वहीत रेघा मारत होते आणि मला, खरं तेच सांगते, आनंद होत होता. माझी पद्धत जिंकत होती. नऊ. दहाव्याला ती उडाली, अंग पिळलं, चेंडू सुटला, आणि पाय जमिनीला लागताना सुपारी फुटावी तसा आवाज आला.

ती ओरडली नाही. पांढऱ्या पावलापाशीच बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत राहिली. शेडमधून सोनाक्का हातात डाव तसाच घेऊन धावत आली. मुली उठल्या.

"दहावा आत गेला का?" हेर्लेकर सरांनी स्टॉपवॉच दाबत विचारलं. "गेला असेल तर धरायचा."

"गेला," मी म्हटलं.

पोरीच्या लेअपबद्दल बारा आठवड्यांत कोर्टवर मी उच्चारलेला तो पहिला शब्द.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की गुडघ्यातला बंध तुटलाय, आणि तो बरेच दिवस आधीपासून कमजोर होत आला असणार. ऑपरेशनचे पैसे काही जमले नाहीत. प्लास्टर घातलं. तेरावा आठवडा रेणुकाने घरात खाटेवर काढला.

मी बुधवारी गेले. भिंतीवर ते कॅलेंडर होतं, कुंकवाचं बोट लावलेलं. सोनाक्काने पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेर जाऊन बसली. मला वाटलं होतं पोरगी रडेल, दोष देईल. त्याची मी तयारी करून गेले होते.

"मॅडम, आता सांगता येतंय ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"काय?"

"पावलं. कुठली टाकायची होती मी?"

"डाव्या हाताने टाकायचं असेल तर उलटी," मी म्हटलं. "आधी डावं, मग उजवं. उजव्यावरून उडी."

तिने खाटेवर पडल्या पडल्या पाय हलवून बघितले. प्लास्टरमधला डावा बोटभर उचलला, मग उजवा. डावं, उजवं. डावं, उजवं.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

मी तिथून कशी उठले ते मला आठवत नाही.

त्याच आठवड्याच्या शनिवारी संध्याकाळी मी क्रीडासाहित्याच्या खोलीत बसून पेटी उघडली. कार्डं टाकत गेल्यामुळे शेवटच्या दिवसाची सगळ्यात वर होती. सतरा क्रमांकाचं छत्तिसावं कार्ड आधी हाती आलं. ते मी वाचलं आणि बाजूला उपडं ठेवलं. मग तळापासून तिची सगळी कार्डं काढून ओळीने लावली.

पहिली बारा कार्डं साधी होती. 'ओढणी बांधल्यावर चेंडू पायावर पडतो.' 'आज पन्नास पास झाले.' तेराव्यापासून लेअप सुरू झाला. 'मॅडम, मी त्या दिवशी हात वर केला नाही. माझा डावा हात चालतो. मला काढू नका. पण पावलं कशी टाकू?' चौदाव्यावर, 'डाव्या हाताला हीच पावलं चालतील का?' पंधराव्यावर, 'चेंडू आत गेला. पण पडताना पाय वळतो. असंच असतं का?' मग दर दोन दिवसांनी तेच. 'पाय वळतो.' 'गुडघ्यात कट्ट वाजतं.' 'आई म्हणते मॅडमना सांग. मी म्हटलं मी लिहिलंय.' तिचं अक्षर सुरेख होतं. शंकेच्या ओळीत मावत नाही म्हणून तिने समासात लिहिलं होतं, मागच्या बाजूला लिहिलं होतं. एका कार्डामागे तिने पेन्सिलीने चार पावलं काढली होती, दोन माझ्यासारखी आणि दोन उलटी, आणि विचारलं होतं, 'यातली कुठली? बरोबर असेल त्यावर टिक करा.' दोन्हींसमोर चौकोन काढले होते. माझ्याच कार्डासारखे.

चौकोन रिकामे होते.

सोमवारी हेर्लेकर सरांचा फोन आला. "ती सतरा नंबरची. डावखुरी होती ना? मग नमुन्यातच बसत नव्हती. वगळा. प्रबंधात 'गळती, एक' एवढं लिहा. अपघाताचा उल्लेख नको."

"पण तुम्ही म्हणाला होता, एकोणतीसचा गट चालत नाही."

"आता शेवटी चालतो. मी आकडे करून पाहिलेत. तिच्याशिवायही फरक ठळक येतो."

मी लिहिलं. गळती, एक. दीड वर्षाने मी डॉक्टर झाले. शिट्टी म्हणायचं सगळ्यांनी सोडलं. माझी कार्डं आजूबाजूच्या शाळांनी मागून नेली, संस्थेने शाल दिली, आणि सेवाज्येष्ठतेने मी मुख्याध्यापिका झाले. सोनाक्काने त्याच वर्षी खिचडीचं काम सोडलं होतं. दहावी झाल्यावर रेणुका निपाणीला गेली, एवढं कानावर आलं होतं.

मागच्या जूनमध्ये, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, पाचवीच्या प्रवेशाच्या रांगेतून एक बाई माझ्या खोलीत आली. चालताना डावा पाय किंचित ओढत होती. बरोबर दहा वर्षांची मुलगी.

"ओळखलं का मॅडम?"

ओळखलं होतं. ती दारात आली तेव्हाच. 'माझंच चुकलं' हे चार वेळा तरी माझ्या ओठांपर्यंत आलं, आणि चारही वेळा मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"ही ईश्वरी. माझ्यागत डाव्या हाताचीच हाय. हिला खेळाचं वेड. म्हणून मुद्दाम आईकडं ठेवतोय हिला, ह्या शाळेसाठी." तिने खिडकीतून कोर्टकडे पाहिलं. "कार्डावर शिकवता ना अजून? चांगली पद्धत हाय ती. आपलं आपण शिकतंय माणूस."

"रेणुका," मी म्हटलं, "तुझा गुडघा..."

"त्यात तुमचं काय मॅडम? मीच लपवलं डाव्या हाताचं. आणि मीच शिकलो ना? मग चूक पण माझीच की." ती हे इतक्या सहज म्हणाली, की ते तिने वीस वर्षांत स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, ते माझ्या लक्षात आलं. मग जरा लाजून तिने विचारलं, "त्या कार्डांवर मी कायबाय लिहायचो. तुम्ही वाचलं का हो कधी?"

आता तरी. एवढं एक वाक्य.

"नाही गं," मी म्हटलं. "तुझा नंबर वगळला होता ना, मग तुझी कार्डं बघितलीच नाहीत कुणी."

तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. "बरं झालं. लई खुळ्यागत लिहिलं होतं."

मी ईश्वरीच्या अर्जावर सही केली. मायलेकी कोर्टच्या कडेने गेल्या. पोरगी वाटेत जुन्या पावलांच्या पुसट रंगावर पाय ठेवून चालली आणि तिच्या आईने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं.

ती छत्तीस कार्डं माझ्या कपाटात आहेत, संस्थेने दिलेल्या शालीखाली. सगळ्यात वर तेच, आधी हाती आलेलं. शेवटच्या दिवसाचं. पाचही ओळींपुढे तिने 'हो'च्या चौकोनात नीट खुणा केल्या आहेत, आणि खाली, 'माझी शंका' या ओळीत, सुरेख अक्षरात लिहिलं आहे:

'आता शंका नाही. चुकत असतं तर मॅडम बोलल्या असत्या.'